विंगेतली खुर्ची : काचबिंदू झालेल्या एका प्रॉम्प्टरचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात घडलेली ही हकिगत आहे. व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून वय, नाती आणि गावाच्या खुणा बदलल्या आहेत. आजार, त्याची चाल आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. नजर कमी झालेल्या माणसांना रोजची कामे आणि छंद चालू ठेवायला मदत करणे हे माझे काम. औषधोपचाराचे निर्णय नेत्रतज्ज्ञांचे होते, त्यामुळे त्यांचा उल्लेख लागेल तेवढाच केला आहे.

पार्श्वभूमी

मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ 67 वर्षांचे आहेत. गावात लहानथोर त्यांना मास्तरच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव. घरात बोलणे कोकणी. नाटक, भजन आणि वर्तमानपत्र मराठी. फोंड्याकडे असे घर शोधावे लागत नाही. नाटकाचे वेडही इथे जुने. मास्टर दीनानाथ 1900 साली याच तालुक्यातल्या मंगेशीला जन्मले, 1918 साली त्यांनी बलवंत संगीत मंडळी उभी केली. पण गावचे नाटक जिवंत ठेवले ते देवळांच्या उत्सवांनी. दिवाळी उलटली की जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्री नाटक आलेच. पात्रे गावातलीच: कोणी बँकेत, कोणाचे दुकान, कोणी कदंबच्या बसवर कंडक्टर. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणाऱ्या या माणसांची नक्कल दर वेळी चोख पाठ असतेच असे नाही. म्हणून अडलेल्या नटाला विंगेतून हळूच शब्द देणारा प्रॉम्प्टर लागतो, आणि या गावात तिशीपासून ते काम मास्तरांकडे आहे.

त्यांचे आणखी दोन छंद होते: सकाळची योगासने आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास. या दोहोंचा निकाल लवकर लागला. त्यांच्याबद्दल पुढे थोडक्यात सांगते.

मास्तर 63 वर्षांचे असताना चष्म्याचा नंबर तपासायला गेले आणि काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. त्यांचा उजवीकडे 28 आणि डावीकडे 26 होता. दुखणे नाही, लाली नाही, समोरचे अक्षर स्वच्छ दिसत होते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांतले, विशेषतः उजव्या डोळ्यातले, खालच्या बाजूचे दृष्टिक्षेत्र गेले होते. थेंब सुरू झाले आणि दाब 15-16 वर आला. गेलेली नजर परत येणार नव्हती. राहिलेली टिकवायची होती.

घरच्यांना आणि गावच्या नाट्यमंडळाला हे नीट कळायला वेळ लागला. बहुतेकांच्या मनात मोतीबिंदूच होता. "ऑपरेशन करून टाका मास्तर, मग बसा निवांत," असे दोन वर्षे त्यांना ऐकवले जात होते. मोतीबिंदूत धुरकट झालेले भिंग बदलता येते, मेलेली नस बदलता येत नाही. हा फरक मंडळाला आधीच कोणी समजावला असता तर पुढचा बराच मनस्ताप टळला असता.

अडचण कशी पुढे आली

दोन हंगाम फारसे अडले नाही, कारण नाटके जुनीच होती. तिसऱ्या वर्षी मंडळाने मास्तरांना नवखे असलेले ऐतिहासिक नाटक घेतले. प्रयोगात दुसऱ्या अंकात नायक अडखळला, मास्तरांनी शब्द दिला, पण तो दोन संवाद पुढचा. नायक तिकडे उडी मारून गेला आणि ज्या पात्राने मध्ये येऊन खबर द्यायची ते विंगेतच उभे राहिले. त्याच रात्री अंधार करून देखावा बदलताना मास्तरांचा पाय फळीच्या कडेवरून घसरला. लागले थोडे, पण पाहिले सगळ्यांनी. नाटक संपल्यावर उत्सव समितीतले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "आतां पुरो, मास्तर." बोलणे मायेचे होते, आणि तेच जास्त लागले.

मुलाने घरी तोच सूर धरला. काकींचे, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचे, म्हणणे वेगळे होते: "घरी बसवलंत तर हे बसूनच राहतील." त्या पावसाळ्यात तसेच झाले. मास्तर भजनालाही जाईनासे झाले, वर्तमानपत्राचे मथळे पाहून बाजूला ठेवू लागले. नेत्रतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवले ते याच सुमारास. प्रश्न असा लिहून आला होता: नाटकाचे काम चालू ठेवावे की नाही?

प्रश्न बदलावा लागला

हो की नाही असे विचारले की उत्तर भीती देते. म्हणून मी आधी तालीम पाहायला गेले. नव्या हंगामासाठी मंडळाने जुने संगीत नाटक पुन्हा घेतले होते. देवळाच्या मंडपात सतरंजी, एका बाजूला पेटी आणि तबला, खांबाला टेकून मास्तर, मांडीवर संहिता.

मी त्यांचे डोळे पाहत होते. ते कागदावर फार कमी होते. मास्तर नटाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि खरे तर ऐकत होते. नट वाक्याच्या शेवटी श्वास घेतो तेव्हा तो पुढच्या वाक्याचा असतो की रिकामा, हे त्यांना कळत होते. रिकामा वाटला की एकच शब्द जायचा, तोही प्रेक्षकांना ऐकू न जाईल इतका हळू. "मास्तर वाक्य देत नाहीत, किल्ली देतात," असे एक तरुण नट मला म्हणाला. कागदाकडे ते दोनच वेळी वळत: संवादाबद्दल शंका आली तर, आणि कोणी गाळागाळ केली तर. नेमके तिथेच घोटाळा होत होता. मान वर करून पुन्हा खाली आणली की ओळ सापडेना. वाचत असलेल्या ओळीखालच्या ओळी त्यांच्या गेलेल्या क्षेत्रात पडत, आणि मंद उजेडात करडी अक्षरे पिवळट कागदात मिसळून जात. या आजारात अक्षर आणि कागद यांतला फरक ओळखण्याची क्षमताही घटते, हे घरी दिवसा वाचताना लक्षात येत नाही.

मी त्यांना एका प्रवेशात संहिता मिटून ठेवायला सांगितले. काकी हातातले काम थांबवून बघत राहिल्या. त्या प्रवेशात नट तीनदा अडले आणि तिन्ही वेळा शब्द बरोबर गेला.

माझ्या मते सगळे प्रकरण इथे वळले. प्रॉम्प्टिंग हे एक काम नसून चार कामांची जुडी आहे: ऐकणे, नाटक डोक्यात असणे, वाचणे, आणि रंगमंचामागे वावरणे. पहिली दोन शाबूत होती. तिसऱ्याला मदत लागणार होती. चौथे सोडायलाच हवे होते.

समोरचे पर्याय

प्रॉम्प्टिंग सोडून मास्तरांना सत्काराची शाल द्यावी, हा पर्याय मुलाचा आणि समितीचा. त्यात सुरक्षितता होती, पण काकींनी सांगितलेला धोकाही त्यातच होता.

नटांच्या कानात यंत्र घालून मास्तरांनी मागच्या खोलीतून बोलावे, असे एका उत्साही मुलाने सुचवले. नटांनाच ते नको होते. शिवाय समोरून नटाचा श्वास ऐकू आला नाही तर मास्तरांचे मुख्य हत्यारच गेले.

टॅबलेट आम्ही खरोखर करून पाहिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे मास्तरांना कागदापेक्षा सहज वाचता आली. पण विंगेत निकाल उलटा लागला. उजळ पडद्यावरून नजर उचलून अंधारात पाहिले की रंगमंच दिसायला फार वेळ लागायचा. उजेड कमी केला तर अक्षरे जायची. टॅबलेट घरच्या पाठांतरासाठी ठेवायचा, हे मास्तरांनीच ठरवले.

मोठ्या अक्षरांतली छापील प्रत, ठरलेली जागा आणि दुसरा प्रॉम्प्टर हाताशी, हा उरलेला मार्ग आम्ही घेतला. दुसऱ्या प्रॉम्प्टरचे नाव काढताच मास्तर गप्प झाले. तो विषय मी त्या दिवशी तिथेच सोडला.

प्रत्यक्षात काय केले

सर्वांत जास्त वेळ प्रतीने खाल्ला आणि ते योग्यच होते. सुनेने सगळे नाटक टाइप केले आणि मोठ्या हौसेने 28 पॉइंटमध्ये छापून आणले. मास्तर त्यात जुन्या प्रतीपेक्षा जास्त अडखळले. कारण साधे आहे: ज्याचे मधले दिसणे धूसर झाले आहे त्याला मोठे अक्षर हवे, पण ज्याचे दृष्टिक्षेत्र आकसले आहे त्याच्या उरलेल्या खिडकीत मोठी अक्षरे मावतातच थोडी. एका संवादाच्या चार ओळी होतात आणि प्रत्येक ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते. आम्ही 14 पासून वर चढत गेलो आणि ठळक 18 वर थांबलो. दोन ओळींत मात्र दुप्पट अंतर ठेवले. देवनागरीत खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि वरच्या ओळीचे उकार एकमेकांत घुसतात, ते सुटे झाल्यावर मास्तरांचा वेग लगेच वाढला.

कागद क्रीम रंगाचा, चकाकी नसलेला. छपाई एकाच बाजूला. पात्राचे नाव डावीकडे वेगळ्या ओळीत. कोणताही संवाद एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणार नाही अशी मांडणी. पदे आणि महत्त्वाच्या एंट्र्या यांच्या पानांना कडेला कापडी पट्ट्या चिकटवल्या, पदाला एक आणि एंट्रीला दोन, म्हणजे बोटाने जागा सापडावी. ही पट्ट्यांची कल्पना काकींची, शिवणाच्या डब्यातून आलेली. काळ्या कार्डाला आडवी खाच पाडून एक ओळ दाखवणारे साधनही दिले होते. प्रयोगात ते सरकवत बसणे जमले नाही; वर्तमानपत्रासाठी मात्र ते आजही रोज वापरात आहे.

दिवा मान वाकवता येणारा, चिमट्याचा, डाव्या खांद्यामागून फक्त पानावर पडणारा. सुनेने मोबाइलवर सगळे संवाद वाचून दिले. दुपारी पडल्या पडल्या मास्तर ते ऐकत आणि पुढचे वाक्य आधी म्हणत.

जागेबाबत मी आग्रही राहिले. विंगेत हात असलेली जड खुर्ची, तिच्यापासून पायऱ्यांपर्यंत मोकळी वाट, दिव्यांच्या तारा दुसऱ्या बाजूने, पायऱ्यांच्या कडांना पांढरी चिकटपट्टी. रंगमंचावर अंधार असताना मास्तरांनी उठायचे नाही. सामान हलवायला, पात्रे बोलवायला दुसरी माणसे. सुरुवातीला हे त्यांना पाहुण्यासारखे बसवून ठेवल्यासारखे वाटले. ज्यांना खालचे दिसत नाही त्यांना पडण्याचा धोका जास्त असतो आणि या वयात मोडलेला खुबा नाटकच काय, अंगणही बंद करतो, हे मी स्पष्ट सांगितले.

मग थेंबांचा प्रश्न निघाला, आणि तो या सगळ्यांहून मोठा होता. एक औषध रोज रात्री नऊला होते. तालीम साडेआठ ते साडेअकरा. तालमीच्या रात्री थेंब राहून जायचा. घरी येऊन मास्तर झोपायचे. काकी म्हणाल्या, "घालतात की रोज." मास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. छंदापायी औषध चुकत असेल तर तो छंद उरलेली नजर खातो. मी त्यांना हे याच शब्दांत सांगितले. नेत्रतज्ज्ञांना विचारून वेळ साडेसात केली, कारण महत्त्व रोज एकाच वेळेला आहे. घरून निघायच्या आधी थेंब घालायचा, डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. दुसरे औषध असेल तर मध्ये किमान पाच मिनिटे. थेंबानंतर थोडा वेळ नजर धूसर राहते, ती तालमीपर्यंत निवळते.

मास्तर स्कूटर चालवत, अंधारातही. ती आता दिवसाही बंद झाली. दोन्ही डोळ्यांचे मिळून क्षेत्र किती उरले ते पाहून डॉक्टरांनी तसे सांगितले. दिवसा फोंड्याला जायला पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मिळतो, पण मध्यरात्री गावात कुठला? मंडळातल्या एका नटाने न्यायचे-आणायचे कबूल केले.

योगासनांत शीर्षासन आणि सर्वांगासन थांबवले. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो असे अभ्यासांत आढळले आहे, काचबिंदूत ते परवडत नाही. बाकीची आसने आणि चालणे चालू आहे. माटोळीसाठी स्टुलावर आता पुतण्या चढतो. मास्तर खाली बसून सुपारीचे शिपटे, निरफणस, आंबाडे, तोरंजन यांना केवणीच्या सालीचे दोर बांधून देतात. गाठ त्यांच्या बोटांत आहे, तिला डोळे लागत नाहीत.

दुसऱ्या प्रॉम्प्टरचा निर्णय

हा विषय मास्तरांनीच पुन्हा काढला. रंगीत तालीम रात्री दोनपर्यंत चालली. तिसऱ्या अंकात डोळे थकल्यामुळे ओळ सापडायला लागणारा वेळ वाढतो, हे त्यांनाच जाणवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीचे नाव सांगितले. ती दोन वर्षे तालमींना येऊन बसत असे. "तिला कान आहे," एवढेच ते म्हणाले. पहिले दोन अंक मास्तर, तिसरा ती. आणि मास्तर वाचत असताना ती शेजारी दुसरी प्रत घेऊन. त्यांना हे सोपे गेले नाही. रंगीत तालमीनंतर दोन दिवस ते कोणाशी फारसे बोलले नव्हते, असे काकींनी मला नंतर सांगितले. मी आधीच दडपण आणले असते तर हा होकार आला नसता, असे मला वाटते.

प्रयोग आणि त्यानंतर

प्रयोग अकराच्या पुढे सुरू झाला. पहिल्या अंकात एका नटाने जवळपास पानभर संवाद गाळला. शेजारच्या मुलीची बोटे पाने शोधू लागली. मास्तरांनी कागदाकडे पाहिलेही नाही. गाळलेल्या भागातली एकच गोष्ट पुढे लागणार होती, एका पत्राचा उल्लेख, तेवढ्या एका शब्दाची किल्ली त्यांनी समोरच्या नटाला दिली आणि नाटक रुळावर आले. दुसऱ्या अंकात एकदा शब्द द्यायला उशीर झाला, तो नटाने निभावून नेला. तिसरा अंक मुलीने नेला.

हा हंगाम संपून आता वर्ष झाले. दाब 15 च्या आसपास आहे, आणि दृष्टिक्षेत्राच्या गेल्या दोन तपासण्यांत आणखी घट दिसली नाही. मास्तर पुन्हा भजनाला जातात. पुढच्या हंगामात मंडळ कोरे करकरीत नाटक घेणार आहे, ज्यात पाठांतराची जुनी पुंजी कामाला येणार नाही. त्यासाठी आधीच अट ठरवली आहे: चौथ्या सलग तालमीपर्यंत पहिले दोन अंक संहितेकडे क्वचित पाहून निभत नसतील, तर प्रयोग मुलीचा आणि तालमी मास्तरांच्या. ती घसरणीची रात्र पुन्हा येऊन, सगळ्यांसमोर कोणीतरी निर्णय सुनावण्यापेक्षा हे बरे.

वेगळे काय करता आले असते

निदान झाले त्याच वर्षी छंदांची चौकशी व्हायला हवी होती. "रात्री काय करता?" एवढा प्रश्न विचारला असता तरी चुकणारे थेंब आणि अंधारातली स्कूटर, दोन्ही तेव्हाच बाहेर आली असती. त्यांची पहिली दोन वर्षे जुन्या नाटकांच्या बळावर निघाली आणि त्यामुळे सगळे आलबेल वाटले. परिचित काम माणसाची कमी झालेली नजर झाकते. अशा रुग्णाला नवीन मजकूर, मंद उजेडात, वाचायला देऊन पाहावे.

मंडळाशी बोलणेही खूप आधी हवे होते. समितीला आजार कळला तेव्हा त्यांनीच तारांची बाजू बदलली, चिकटपट्टी आणली, कोणाला फार सांगावे लागले नाही. एका नटाच्या गाडीवर सगळी मदार ठेवणे मात्र मला अजून कच्चे वाटते. तो आजारी पडला तर मास्तर स्कूटरची किल्ली शोधतील, ही भीती काकींनाही आहे.

आणि भावंडे. काचबिंदू असलेल्या माणसाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यांनी, विशेषतः चाळिशीनंतर, डोळ्यातला दाब आणि नस तपासून घ्यायला हवी. मास्तरांच्या धाकट्या बहिणीची तपासणी त्यांच्या निदानानंतर चार वर्षांनी, इतक्या उशिरा झाली. तिचाही दाब वाढलेला निघाला आणि थेंब सुरू झाले. सुदैवाने क्षेत्र अजून शाबूत आहे. प्रॉम्प्टिंग बंद करा म्हणणारा मुलगा आता 41 वर्षांचा आहे आणि त्याने अजून डोळे दाखवलेले नाहीत. एप्रिलमध्ये वडिलांच्या पुढच्या तपासणीला तोच गाडी घेऊन येणार आहे. त्याच दिवशी त्याचीही तपासणी करायची असे सुनेने ठरवून टाकले आहे, आणि नंबर दोघांच्या नावाने लावला आहे.